गोवर कोणत्या साली

हेमांगीचा फोन आला, रात्री साडेनऊला :
आई, मला गोवर कोणत्या साली आला होता गं?
इथली डॉक्टरीण विचारतेय.
म्हटलं, बघून सांगते,
आणि पलंगाच्या पेटीतून काढल्या
एकतीस डायऱ्या.

एकही विकत घेतलेली नाही.
बियाण्याच्या दुकानाची, जिनिंगवाल्यांची,
ठिबकच्या नळ्या विकणाऱ्याची,
सलग तीन वर्षं सावद्याच्या एका पतपेढीची,
दर पानाखाली छापलेलं : विश्वास हीच ठेव.
आमची ठेव बुडाली.
डायऱ्या तेवढ्या परत मिळाल्या म्हणायच्या.

मी केळी सोसायटीत काट्यावर होते.
घडांचं वजन, दांड्याची घट, ट्रकचा नंबर,
दिवसभर लिहायचं,
आणि घरी आल्यावरही हात थांबायचा नाही
म्हणून हे.

लग्नाच्या दिवशीचं पान कोरं.
दुसऱ्या दिवशी : भरताला वांगी कमी पडली, मामा बोलले.
तिसऱ्या दिवशी : ह्यांना सायकल येत नाही.
हसले मी एकटीच, पंख्याखाली.
शिकले ते पुढे, फैजपूरच्या उतारावर.
कोपर फुटलं, त्याचं पानभर वर्णन आहे.

पंच्याण्णव, आखाजी :
हंगाम. माहेरी जाणं नाही.
शेजारच्या निंबाला झोका, त्याचा करकर आवाज.
खाली नुसत्या रेघा,
पेन चालतंय का बघितल्याच्या.

हेमांगी झाली ते पान ह्यांच्या अक्षरात :
मुलगी. पावणेतीन किलो. दोघी बऱ्या.
काट्याची पावतीच.
आधी दोन किलो सातशे लिहून खोडलेलं.
मीच ओरडले असेन खाटेवरून,
पन्नास ग्रॅम सोडते का मी!

गोवर नाही.
अठ्ठ्याण्णवात डांग्या खोकला.
नव्व्याण्णवात करपा, पण तो केळीचा.
तात्या गेले त्या दिवशी : तात्या गेले. पाच ट्रक थांबले होते.
आज वाचताना लाज वाटली,
मग नाही वाटली. थांबलेच होते ट्रक.

दोन हजार सालात चाळीस दिवस काहीच नाही.
मधे केळीच्या सोपटाचा एक दोरा, वाळून तांबूस.
दुसरं राहिलं होतं.
राहिलं नाही.
एवढी वजनं केली आयुष्यात,
ही डायरी हातात घेतली आणि
खाली ठेवावी लागली.

सापडला.
दोन हजार एक, फाल्गुन :
हेमांगीच्या अंगावर पुरळ. डोळे लाल.
कुंदन मास्तरांच्या दारचा कडुनिंब आणला.
रात्री म्हणाली, माय, तू मोजलेस का?
म्हटलं, काय?
म्हणे, ठिपके.
मोजले. एका पायावर एकशे चार.
मग झोपली.

फोनकडे हात गेला तेव्हा पावणेबारा.
आणि हात तिथेच.
सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाईला
कुठली डॉक्टरीण गोवर विचारते,
आणि कशासाठी.

ती सांगत होती.
मी साल शोधत बसले.

फोन नाही केला. झोपली असेल, झोपू दे,
आता झोपायला हवंच तिनं.
ह्या वर्षीची डायरी खताच्या कंपनीची,
कागद पातळ, शाई मागे उमटते.
तारखेखाली लिहिलं : गोवर, दोन हजार एक.
मग बराच वेळ टोपण उघडंच.

ह्यांना हलवून उठवलं, पेन हातात दिलं.
काय लिहू? म्हणाले, झोपेतच.
मी म्हटलं, लिहा काहीतरी.
वजन मागाहून.